सातबारा नसलेलं घर: नागपुरात सोसायटीतला फ्लॅट घेताना

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. शेती कोरडवाहू, सोयाबीन, तूर आणि कपाशी. मोठी मुलगी बारावीनंतर नागपूरला शिकायला गेली. दोन वर्षं होस्टेल, मग वर्षभर भाड्याची खोली. धाकटाही तिच्या मागोमाग निघणार असं दिसलं, तेव्हा आम्ही दोन बेडरूमचा एखादा जुना फ्लॅट पाहायचं ठरवलं. पाहण्यापासून रजिस्ट्रीपर्यंत अकरा महिने लागले. त्यातले निदान चार महिने आम्हाला काही माहीत नव्हतं म्हणून गेले. आता गावातलं कोणी शहरात घर घ्यायला निघालं की आधी आमच्या ओसरीवर येतं. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

पहिल्याच भेटीत आमच्या ह्यांनी दलालाला विचारलं होतं, "सातबारा कोणाच्या नावानं आहे?" तो हसला. ह्यांना ते लागलं, आणि परतीच्या एसटीत तोंडातून शब्द निघाला नाही. खरं तर प्रश्न अगदी बरोबर होता. जमीन कोणाची, हेच फ्लॅटच्या व्यवहारात लोक विचारायचं विसरतात. दलालाकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो हसला.

"सोसायटी" म्हणजे नेमकी कोणती?

नागपुरात हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरतात. हे आधी डोक्यात पक्कं करा.

पहिली, खरी सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था. ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. इथे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते, किंवा असायला पाहिजे. तुम्ही संस्थेचे सदस्य होता, तुमच्या नावाने शेअर सर्टिफिकेट निघतं आणि त्या शेअर्ससोबत फ्लॅटचा हक्क येतो. जमिनीचा वेगळा तुकडा तुमच्या नावाने कुठेच निघत नाही.

दुसरी, अपार्टमेंट. यासाठी १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा आहे, आणि आपल्या विदर्भात असा प्रकार भरपूर. बिल्डर एक घोषणापत्र नोंदवतो, प्रत्येकाला अपार्टमेंट डीड करून देतो आणि त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा इतके टक्के असं लिहिलेलं असतं. इथे शेअर सर्टिफिकेट नसतं. रहिवासी मात्र सर्रास "आमची सोसायटी" असंच म्हणतात.

तिसरी, लेआउटची सोसायटी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणी संस्था काढून शेतजमीन घेतली, प्लॉट पाडले आणि सभासदांना वाटले. त्यातल्या एखाद्या प्लॉटवर पुढे चार मजले उठले. नाव त्या जुन्या संस्थेचं, पण तुमच्या इमारतीचा तिच्याशी कारभारापुरताही संबंध नसू शकतो.

म्हणून पहिला प्रश्न भावाचा नको. "संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि शेअर सर्टिफिकेट दाखवा" म्हणायचं. दोन्ही निघाली तर पहिला प्रकार. घोषणापत्र निघालं तर दुसरा. काहीच निघालं नाही तर चहा पिऊन परत यायचं. मी पुढे लिहिते आहे ते पहिल्या प्रकाराबद्दल. अपार्टमेंट घेणार असाल तर शेअर आणि हस्तांतरण शुल्काचा भाग सोडून बाकीचं तुम्हालाही लागू पडेल.

शांत वस्ती, पण कोणत्या वेळी?

जाहिरातीत प्रत्येक फ्लॅट "शांत वस्तीत" असतो. सकाळी अकराला तर सगळीच वस्ती शांत असते. एकच घर तीन वेळा पाहा: एकदा भर दुपारी, एकदा रात्री नऊनंतर आणि एकदा पहाटे नळ येतो तेव्हा.

रात्रीचं कशाला, ते सांगते. आम्हाला पसंत पडलेल्या एका इमारतीच्या मागे मोठी मोकळी जागा होती, हिरवळ, झाडं. मुलगी म्हणाली, "आई, खिडकीतून किती छान दिसतं." ते लग्नाचं लॉन होतं. नागपूरकर लॉन म्हणतात ते हेच. लगीनसराईत तिथे बँड, डीजे आणि पार्किंगसाठी भांडणं. आम्ही गेलो ते पितृपक्षात, म्हणून चिडीचूप.

दुपारचं तर आपल्याकडे विचारूच नका. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त सांगितला की समजायचं, स्लॅब तापते. दुपारी तीन-चारच्या सुमारास जाऊन पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावा. एका घरात मी हात लावला आणि तव्याला लावावा तसा मागे घेतला. घरमालकीण म्हणाली, "उन्हाळ्याचे दोनच महिने त्रास होते जी." दोन नाही, मार्च ते जूनचे साडेतीन महिने होतात, आणि मुलांच्या परीक्षा नेमक्या त्यातच.

कूलर कुठे ठेवणार, हेही त्याच वेळी बघा. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, पण आपल्याला कूलरशिवाय भागत नाही. खिडकीबाहेर स्टँड लावायला सोसायटी परवानगी देते का? बाल्कनीत पाण्याची तोटी आणि सांडपाण्याला वाट आहे का? आमच्या इमारतीत खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर वरच्याच्या कूलरचं पाणी गळतं, यावर सभेत ठराव झालेला आहे.

पाण्याबद्दल मालकाला विचारू नका, चौकीदाराला विचारा. महापालिकेचा नळ किती वेळ, टाकी केवढी, बोरवेल उन्हाळ्यात आटते का, टँकर लागतो का आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की वेगळे. आम्हाला पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंनी जिन्यातच सांगून टाकलं, "एप्रिल लागला की टँकर सुरू. तुम्हाला नाही सांगितलं काय?" नव्हतं सांगितलं.

आणि पूर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, चांगल्या आणि शांत म्हणून नावाजलेल्या वस्त्या त्या. तळमजला घेत असाल तर नाला किती लांब आहे ते पायी चालून पाहा. जिन्याखालची, मीटरच्या खोलीतली भिंत न्याहाळा. पाण्याची रेघ रंगाखालूनही दिसते.

जाण्यायेण्याचं ज्याने त्याने आपापल्या गावाच्या दिशेने ठरवावं. आमची एसटी कोंढाळीवरून अमरावती रोडने येते, म्हणून आम्ही पश्चिमेचा भाग धरला. त्रिमूर्तीनगरच्या बाजूने मेट्रोचं सुभाषनगर स्टेशन जवळ पडतं. मुलं एकटी राहणार असतील तर रात्री सुरक्षित येता येणं मला तरी भावापेक्षा मोठं वाटलं.

टेप घेऊन जा

आपण एकर-गुंठ्याचे हिशेब तोंडी करतो, पण चौरस फुटात फसतो. फ्लॅटला तीन फूट असतात. कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा. बिल्टअपमध्ये भिंती आणि बाल्कनी मिळवतात. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, पॅसेज यांचाही वाटा चढवतात. आम्हाला ९८० फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट टेपने आतून मोजला तर ६९० भरला. फसवणूक म्हणावी तर तशीही नाही, त्याने सुपर बिल्टअप सांगितला होता. आम्ही मात्र दुसऱ्या ठिकाणच्या कार्पेटच्या भावाशी त्याची तुलना करत बसलो होतो. भाव सांगितला की "कोणत्या फुटाचा?" एवढं विचारायचं. दस्तात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

पार्किंगचे दोन लाख वेगळे मागितले तर थांबा. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलेलं आहे. सोसायटीत पार्किंगची जागा संस्था नेमून देते. विक्रेत्याला संस्थेचं नेमणूक पत्र मागा. नसेल तर ती जागा "सगळे मानतात म्हणून" त्याची आहे, आणि उद्या कोणी मानेनासं झालं तर भांडण तुमच्या पदरात.

भिंतींनंतर वही

आता येते ती पायरी नव्वद टक्के लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच आहे. गावात शेजारी वाईट निघाला तर बांधावरून भांडू, पण शेत आपलं राहतं. सोसायटीत गच्ची, टाकी, लिफ्ट, जमीन, सगळं सामाईक. त्यामुळे माणसं कशी आहेत आणि कारभार कसा आहे, हे घराच्या किमतीतच धरावं लागतं.

खरेदीदार म्हणून तुम्हाला सोसायटीचे कागद मागायचा हक्क नाही. विक्रेता सदस्य आहे, त्याला आहे. म्हणून त्याला सोबत घेऊन सचिवांकडे जा आणि तीन गोष्टी बघा: मागच्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्ताची वही.

पहिल्या सोसायटीचे सचिव रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. दिवाणाखालून रेक्झिनची पिशवी ओढून त्यांनी वही काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, "वाचा, लपवण्यासारखं काही नाही." अक्षर सुंदर होतं. सलग तीन वर्षांच्या सभेत एकच विषय सापडला: गच्चीचं वॉटरप्रूफिंग. आणि तिन्ही ठिकाणी खाली एकच ओळ: "चर्चेअंती पुढील सभेत निर्णय घेण्याचे ठरले." आम्हाला दाखवलेला फ्लॅट बरोबर त्या गच्चीखालचा. छताला नवा पांढरा रंग का दिला होता, ते तेव्हा कळलं.

ताळेबंदात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला पैसा, शोधा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांनी चालायच्या नमुना नियमांप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्तीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी जमा करायचा असतो. मेंटेनन्स महिना तीनशे रुपये सांगून कोणी "किती स्वस्त!" म्हणालं, तर निधी रिकामा असणार हे धरून चाला. लिफ्ट बिघडली की प्रत्येकी पन्नास हजार काढा म्हणतील, तेव्हा सदस्य तुम्ही असाल.

थकबाकीदार किती आहेत तेही त्याच कागदात दिसतं. खुद्द तुमच्या विक्रेत्याची बाकी असेल तर ती फ्लॅटला चिकटून येते, वर थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा उपविधींत आहे. म्हणून त्याचं नादेय प्रमाणपत्र, म्हणजे काही देणं बाकी नाही असा संस्थेचा दाखला, घेतल्याशिवाय पुढे सरकू नका. इमारतीचं वय पंधरा वर्षांच्या वर असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, तीही मागा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशीपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ते व्हायला हवं.

विकणारा खरंच मालक आहे का?

हा भाग आपल्या लोकांना सांगायला फार लागत नाही. वारसाचा फेरफार, बहिणीची सही, हक्कसोड, हे सगळं आपण पटवाऱ्याच्या दारात शिकलेलो असतो. तरीही आमचे दोन महिने इथेच गेले.

दुसरा फ्लॅट आम्हाला सगळ्या बाजूंनी आवडला होता. वडिलांच्या नावाचा, वडील वारलेले. मुलगा म्हणाला, "मी नॉमिनी आहे, सोसायटीने माझं नाव चढवलं आहे." सचिवांनीही मान डोलावली. आम्ही इसार द्यायला निघालो होतो. वकिलांनी एकच विचारलं, "बहिणी किती?" दोन होत्या. नॉमिनीच्या नावावर सोसायटी सदस्यत्व चढवते, पण त्याने बाकीच्या वारसांचा हक्क बुडत नाही. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे, नाहीतर विक्रीपत्रावर त्यांच्याही सह्या. एक बहीण तयार, दुसरी नाही. तो व्यवहार तिथेच संपला. त्या मुलाचा राग नाही येत. त्यालाही नॉमिनी म्हणजे मालक असंच वाटत होतं.

मुखत्यारपत्रावर विकणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. नुसत्या जनरल मुखत्यारपत्रावर केलेल्या "विक्री"ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. खरा मालक परदेशात असेल आणि त्याच्या वतीने मुखत्यार रीतसर विक्रीपत्र करून देणार असेल, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा मुखत्यारपत्र वकिलाकडून तपासून घ्या आणि मालकाशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला.

कागद मागायचे ते असे: बिल्डरपासून आजपर्यंतच्या प्रत्येक खरेदीचा मूळ नोंदणीकृत दस्त आणि त्याचा इंडेक्स-२ (नोंदणीचा सरकारी गोषवारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), मालमत्ता कराची पावती, वीजबिल, शेअर सर्टिफिकेट. मधला एक दस्त जरी हरवलेला असला तर बँक अडून बसते. दुय्यम निबंधकाकडच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या. इंडेक्स-२ आपल्यालाही नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. विक्रेत्यावर गृहकर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. बँकेकडून किती रक्कम बाकी आणि कोणते कागद जमा आहेत, याचं पत्र घ्या आणि आपल्या पैशातून आधी तो बोजा उतरेल अशी सोय करा.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला वकील सुचवतील. खर्च थोडा, द्या.

आता जमीन

ह्यांच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. शहराच्या भूमापन झालेल्या भागात सातबाराऐवजी आखीव पत्रिका असते. ती नगर भूमापन कार्यालयातून काढा आणि धारक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा. संस्थेचं असेल तर उत्तम. बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचंच असेल, तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावे करून देणं, झालेलं नाही. म्हणजे इमारत पडायला आली आणि नवी बांधायची वेळ आली की जमीनमालक दारात उभा. बिल्डर दाद देत नसेल तर संस्था जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर होण्यासाठी, अर्ज करू शकते. तो अर्ज केला आहे का, एवढं सचिवांना विचारा. अर्जही नसेल तर भावात ते धरा.

पत्रिकेवर नझूल लिहिलेलं असेल तर जमीन सरकारी भाडेपट्ट्याची. हा आपल्या जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचा वारसा आहे. भाडेपट्ट्याचं नूतनीकरण झालं आहे का, जमीन मालकी हक्काची करून घेतली आहे का, हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे वकिलाकडून लेखी घ्या. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे शहराची विकास संस्था, तिच्या लीजच्या जमिनीचंही तसंच. आणि जुन्या अनधिकृत लेआउटमध्ये "आरएल आहे का?" हा नागपुरी प्रश्न विचारायला लाजू नका. आरएल म्हणजे प्रन्यासचं नियमितीकरणाचं पत्र. नसेल तर बँकेचं कर्ज तिथेच अडकेल.

पैशांची जुळवाजुळव

ढोबळ हिशेब मांडते. समजा फ्लॅट ४० लाखांचा. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ३२ लाख. ८ लाख आपले. मुद्रांक शुल्क राज्यात मुळात ५ टक्के, त्यावर महापालिका हद्दीत स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि नागपुरात मेट्रोचा अधिभार. ७ टक्के धरले तर २ लाख ८० हजार. घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, म्हणजे सरळ ४० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की सवलत गेली. आमच्याकडे यावर दोन दिवस घुसमट झाली, मग सासूबाईच म्हणाल्या, "टाका तिच्या नावानं, शेत तर सगळं तुमच्याच नावानं आहे."

नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. शुल्क मोजताना रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर आणि तुमचा ठरलेला भाव यांत जे जास्त असेल ते धरतात. रेकनरचे नवे दर साधारण १ एप्रिलपासून लागतात, म्हणून मार्चमध्ये दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात यात्रा असते. दलालाचा टक्का पहिल्याच दिवशी ठरवा आणि ५० लाख किंवा त्यापुढचा व्यवहार असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, हे विसरू नका.

"थोडं व्हाइट, थोडं ब्लॅक" असं म्हणणारा विक्रेता भेटतोच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय रोख दिलेल्या पैशावर कर्ज मिळत नाही आणि व्यवहार फिसकटला तर तो मागायचा कोणत्या तोंडाने?

शेतकऱ्याची खरी अडचण कर्जाच्या हप्त्यात आहे. ३२ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २७,८०० रुपये, आणि तो दर महिन्याला. आपला पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा आणि मग संक्रांतीपर्यंत कापसाचा. चैत्रापासून भादव्यापर्यंत खात्यात खडखडाट. म्हणून कर्ज घ्यायच्या आधी सहा हप्ते बाजूला ठेवा, आणि पगारदार कोणी घरात असेल तर त्याला सहकर्जदार करा. माझा धाकटा दीर शिक्षक आहे, तो उभा राहिला म्हणून आमचं जमलं. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी रक्कम भरायला दंड लागत नाही. कापूस विकला की एक मोठी रक्कम मुद्दलात टाका.

बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या पावत्या जपून ठेवा, बँक तीन-तीन वर्षांच्या मागते. सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाचा, अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढा. कधीकाळचं थकलेलं पीककर्ज, जे आपण माफ झालं म्हणून विसरलो, ते तिथे बसलेलं असतं. आमच्या ह्यांचं होतंच. बँकेकडून नादेय दाखला आणून नोंद दुरुस्त करायला दीड महिना गेला.

शेत विकून घर घेत असाल तर एक गोष्ट. खऱ्या ग्रामीण भागातल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीपासून, तिथल्या लोकसंख्येप्रमाणे, दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या आतली जमीन त्यात बसत नाही, आणि हे अंतर हवाई मोजतात. सीएला दाखवूनच पाऊल टाका. माझं मत विचाराल तर, शेत विकून फ्लॅट घेऊ नका.

इसार ते रजिस्ट्री

इसारचिठ्ठी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर होते. तिने मालकी मिळत नाही, फक्त शब्द बांधला जातो. म्हणून रक्कम लहान ठेवा, चेकने द्या, आणि तीन गोष्टी लिहून घ्या: कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकीत खोट निघाली तर इसार परत, ताबा कोणत्या तारखेला, आणि कोणत्या वस्तू घरात राहणार. आमच्या चिठ्ठीत ही तिसरी नव्हती. विक्रेत्याने पंखे, गिझर आणि किचनमधलं नळाचं तोंडसुद्धा काढून नेलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोन्ही बाजू, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार आणि पॅन लागतात. शुल्क ऑनलाइन चलनाने आधी भरलेलं असतं. कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठा, सही. सही करायच्या आधी दस्त शांतपणे वाचा: फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, आखीव पत्रिकेचा क्रमांक, शेअर क्रमांक. आमच्या दस्तात मजला चुकला होता, वाचला म्हणून सापडला. नाहीतर चूक-दुरुस्तीपत्रासाठी पुन्हा त्याच विक्रेत्याच्या मागे फिरावं लागतं. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो.

रजिस्ट्रीनंतर

इथे गावातले लोक निर्धास्त होतात आणि किल्ली घेऊन घरी जातात. पण फेरफार राहिलेलाच आहे. तीन ठिकाणी: सोसायटी, महापालिकेचा मालमत्ता कर आणि महावितरणचं बिल.

सोसायटीचं खरं तर आधीपासून सुरू करायचं असतं. विकणाऱ्याने हस्तांतरणाच्या इराद्याची पंधरा दिवसांची नोटीस संस्थेला द्यायची. मग दोघांचे अर्ज, दस्ताची प्रत आणि शुल्क. हस्तांतरणासाठी सोसायटीचा ना-हरकत दाखला उपविधींप्रमाणे बंधनकारक नाही. बँकेला मात्र तो लागतो, म्हणून मागा. हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये आणि हस्तांतरण अधिमूल्य (प्रीमियम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्याच्या वर देणगी, इमारत निधी, स्वागत निधी अशा कोणत्याही नावाने मागता येत नाही. एका सोसायटीने आम्हाला एक लाख "ऐच्छिक देणगी" सांगितली होती. ह्यांनी विचारलं, "ऐच्छिक आहे तर मग आमची इच्छा नाही, चालेल ना?" समितीतले सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. आम्ही तो फ्लॅट घेतला नाही, कारण पहिल्या दिवशी असे भेटले तर पुढची वीस वर्षं कशी जाणार! सदस्यत्वाचा अर्ज तीन महिने नुसता दाबून ठेवला किंवा नाकारला, तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

शेअर सर्टिफिकेट नवीन निघत नाही. जुन्याच्याच मागच्या बाजूला तुमचं नाव, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या चढतात. ते हातात आलं की त्याच आठवड्यात नामनिर्देशनाचा, म्हणजे नॉमिनीचा, अर्ज भरून टाका.

मुलं राहतात म्हणून कोणी "तुम्ही स्वतः राहत नाही, ना-भोगवटा शुल्क द्या" म्हणालं तर देऊ नका, कुटुंबातल्या माणसांच्या राहण्याला ते लागत नाही. मुलं शिकून निघून गेल्यावर भाडेकरू ठेवाल तेव्हा लागेल, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. भाडेकरार नोंदणीकृत करा.

महावितरणचं नाव बदलायला आम्ही वर्षभर आळस केला. मग जुन्या मालकाच्या नावाने बिल, त्याचाच मोबाइल नंबर, एसएमएस त्याला. एक बिल आम्हाला कळलंच नाही आणि मेच्या दुपारी लाइन कापायला माणूस दारात उभा. मुलीचा फोन आला तेव्हा आम्ही शेतात पऱ्हाट्या उपटत होतो. किल्ली मिळाली त्याच आठवड्यात तो अर्ज करून टाका.